इतर (तपशील लिहा)

किल्ला कोर्टामागच्या गल्लीत, जिन्याखाली
माझं टेबल, टाइपरायटर, आणि पाटी :
भाषांतर, शपथपत्र, नावात बदल.
पानाला चाळीस रुपये, शिक्का वेगळा.

जुलेखाबी मुकादम माझगावहून टॅक्सीनं आल्या.
टॅक्सी कधी करत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात पाकीट,
आत परक्या सरकारचा कागद,
लग्नपत्रिकेला असतो तसला जाड.
"मराठीत करा. इथंच वाचा, आणि हळू.
घरी नातवंडं आहेत."

एकोणीसशे बेचाळीस. रंगून.
"लष्कराच्या वास्तव्याच्या काळात
ज्या महिलांना यातना सोसाव्या लागल्या..."
कोणी दिल्या, ते वाक्यात नव्हतं.
शाळेत मास्तर कर्त्याखाली रेघ मारायला लावत.
मी तो पानभर शोधला.
कर्ता अध्याहृत.

मग तो शब्द आला, आणि माझी बोटं थांबली.
माफी लिहावी, तर मूळ शब्द तेवढा वाकत नव्हता.
क्षमा फारच देवळातली.
खेद मंत्री व्यक्त करतात, सभागृहात, उभ्यानं.
मी टाइप केलं : दिलगीर आहोत.

जुलेखाबींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बाहेर रस्ता खणलाय. टॅक्सीनं नाक्यावरच सोडलं.
तिथं पिवळी पाटी आहे, तिच्यावर हाच शब्द."
होता. महापालिकेचा. गैरसोयीबद्दल.

मी कागद मागे फिरवू लागलो.
"राहू दे. तुम्ही बरोबर लिहिलंय.
त्यांना तेवढंच म्हणायचं असेल."

मग त्या बोलल्या, माझ्याशी नाही, पेपरवेटशी.
बाप इरावतीच्या बोटीवर सारंग.
सगळे पायी निघाले, आई पुढे गेली,
या मागे राहिल्या, चप्पल शोधायला.
सोळावं वर्ष. चप्पल एकच सापडली.
पुढचं नाही सांगितलं.
एवढंच :
"दाराबाहेर रांग असायची.
म्हणून मुंबईत मी रेशनला कधी गेले नाही.
नवऱ्याला वाटायचं, आळशी."

दुसऱ्या दिवशी बँक. साखळीला बांधलेलं पेन.
परदेशातून आलेल्या रकमेचं प्रयोजन,
एकावर खूण करा :
कुटुंबनिर्वाह, देणगी, शिक्षण, मालाची किंमत...
मी मोठ्यानं वाचत होतो. चौथ्याला जीभ चावली.

त्या हसल्या.
खरंच हसल्या, रखवालदारानं मान वळवली इतक्या.
"लवकर पाठवली," म्हणाल्या.

काउंटरवरचा मुलगा भला होता, कुणी तरी तिरोडकर.
"देणगी लिहा ना आजी, प्रश्न येत नाहीत."
"देणगी मी देते. दर्ग्याला, महिन्याचे अकरा रुपये.
हे ते नाही."

उरलं इतर. त्याच्यापुढे रेघ, दीड इंच.
जुलेखाबी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होत्या.
मागे कोणी तरी खाकरलं.

"थकबाकी लिही," त्या मला म्हणाल्या, पहिल्यांदाच अरेतुरे.
"पोर्ट ट्रस्टच्या नोटिशीत असतो तो शब्द."

"थकबाकी? कसली, आजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी भाषांतरकार, इकडचं तिकडे सांगून पोट भरतो.
तोंड उघडलं.
"जागा एवढीच आहे," मी म्हणालो.
तिरोडकरनं शिक्का मारला.

मूळ पत्र त्यांनी टॉवेलात गुंडाळून नेलं.
मराठी प्रत ठेवून गेल्या. येते म्हणाल्या, आल्या नाहीत.
चाळीस रुपये मात्र आधीच मोजून दिले होते,
दहाच्या चार, इस्त्री केल्यासारख्या.

प्रत माझ्या खणात आहे.
एका रात्री दिवा लावून मी तिच्यात
एकच दुरुस्ती केली : वाक्यात कर्ता घातला.

तसल्या प्रतीवर शिक्का मारता येत नाही.